ताईचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. पण म्हातारपणाचं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. माझ्याकडून एक घात झाला, तो सांगायचा आहे.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईने मला दिव्याखाली उलटसुलट करून तपासलं आणि खोक्यात भरलं. पुढे मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका मुलीकडे आलो. घरी तिला सगळे धाकटी म्हणत. ती मला मऊ फडक्याने रोज पुसायची आणि मैत्रिणींना सांगायची, "माझा फोन कधी दगा देत नाही."

धाकटीची थोरली बहीण, म्हणजे ताई, नवऱ्याचा मार सोसून सोसून एका सकाळी घरातून निघाली. सात वर्षांची लेक शाळेत होती, तिला बरोबर घेता आलं नाही. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिने एका लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम धरलं आणि नवा नंबर घेतला. तो तिने फक्त धाकटीला दिला.

"कुणाला देऊ नकोस हं. आईलासुद्धा नाही. तिच्या पोटात काही राहत नाही."

"नाही देत गं," धाकटी म्हणाली आणि तिने माझ्यात नाव टाकलं, 'ताई लॉन्ड्री स्टेशनमागे'.

त्या दिवसांत धाकटीला अनोळखी नंबरांवरून सारखे फोन यायचे. ती वैतागली होती. दुकानातली सहकारी म्हणाली, "हे अ‍ॅप घे. कुणाचाही फोन आला तरी नाव दिसतं. फुकट आहे."

धाकटीने अ‍ॅप घेतलं. त्याने विचारलं, तुमच्या संपर्कांची यादी पाहू द्यावी का? समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं. तिने न वाचताच 'हो' दाबलं. मी हुकमाचा ताबेदार. काही सेकंदांत माझ्यातली सगळी नावं नि नंबर मी त्या कंपनीकडे पाठवले. लोकांच्या अशा याद्या गोळा करूनच ते अ‍ॅप नावं ओळखत होतं.

लेकीच्या वाढदिवसाला ताईला राहवलं नाही. संध्याकाळी नवऱ्याचा मोबाईल बहुधा लेकीच्याच हातात असे. ताईने फोन लावला, लेकीचं "हॅलो, कोण?" ऐकलं आणि न बोलता ठेवून दिला. तेच अ‍ॅप त्या मोबाईलमध्येही होतं. नंतर नवऱ्याने पाहिलं, तर नंबरासमोर धाकटीने लिहिलेलं नाव जसंच्या तसं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो लॉन्ड्रीत शिरला. तापलेली इस्त्री हाताशीच होती. मालकीणबाईंनी आरडाओरडा करून माणसं जमवली म्हणून ताई वाचली. पण तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

हे सारं मी दवाखान्यात ऐकलं, धाकटीच्या मुठीत.

"माझा नंबर तू कुणाला दिलास?" ताईने विचारलं.

"कुणालाच नाही गं. तुझी शपथ."

"त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला होता. 'स्टेशनमागे' असं तूच लिहितेस. दुसरं कोण लिहिणार?"

धाकटीने मला उघडलं आणि तिचं बोट त्या अ‍ॅपवर थांबलं.

पोलिसांनी त्याला पकडलं आणि काही दिवसांत तो जामिनावर सुटला. ताई बरी होण्याआधीच दुसरीकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुझ्यावर राग नाही माझा. पण आता नंबर देणार नाही."

धाकटीने अ‍ॅप काढून टाकलं. गेलेली नावं परत आली नाहीत. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं, 'आपण परवानगी दिली होती.' हल्ली ती मला दुकानातल्या ड्रॉवरमध्ये उपडा ठेवते. मी वाजलो की मात्र धावत येते आणि नंबर अनोळखी असला तर लगेच उचलते. फोन ताईचा नसतो.

मित्रांनो, तुमच्याजवळचे नंबर तुमच्या एकट्याचे नाहीत. कुणीतरी विश्वासाने ते तुमच्याकडे ठेवायला दिले आहेत. अ‍ॅपने ते मागितले, तर आधी त्या माणसांना विचारा. विचारणं जमत नसेल, तर 'नाही' दाबा. तेवढं मी ऐकतो.