डावखुरी टाचणी

तास्को गावाच्या शनिवारच्या चांदीबाजारात रेफुहिओ दिसली की विक्रेत्या बायका म्हणायच्या, "आली बघा उलथापालथ करणारी." जुना ब्रोच दिसला की ती आधी तो पालथा करी. शिक्का वाचायला नव्हे; शिक्का चांदीच्या कारखान्याच्या मालकाचाच असायचा. तिच्या वडिलांनी, एवोदिओंनी, तिथे दागिने घडवण्यात उभा जन्म काढला, पण त्यांचं नाव कशावरच नाही, आणि त्यांच्या हातचा एकही दागिना घरात उरलेला नव्हता. ते डावखुरे होते, म्हणून त्यांच्या ब्रोचची टाचणी उलट्या बाजूने उघडायची. तेवढीच काय ती खूण.

त्या दिवशी त्या बायकांपैकी चायोच्या फडक्यावर चांदीचं डेलियाचं फूल होतं. रेफुहिओने ते पालथं केलं आणि टाचणी उघडून पाहिली.

"टाचणी उलटी बसलीय गं," चायो म्हणाली. "आण, सरळ करून देते."

"हात लावून तर बघ."

चायोने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उमगलं, हे एवोदिओंच्या हातचं. तिने फूल रेफुहिओच्या झग्याला लावून दिलं. "सापडले ना बाबा? आता तरी शनिवारी घरी बस, बाई."

रेफुहिओने फुलावर तळवा ठेवला.

"एकच सापडलं गं," ती म्हणाली. "जन्मभर घडवत होते ते. बाकीची कुठे असतील?"