नारळ फुटल्यावर

पोलादपूरच्या शाळेत कॉम्प्युटर आला तो सत्त्याऐंशी साली. त्याआधी पावसाळाभर तिथे पुठ्ठ्याचे कॉम्प्युटर होते. मुंबईला प्रशिक्षण घेऊन आलेल्या श्रीपत गुरुजींनी खोकी कापून त्यावर बटणं रेखाटली, सुतळीची वायर केली, आणि आठवीच्या पोरांना त्यावर नावं टाइप करायला शिकवलं. वायरला हात लावण्याआधी पुठ्ठ्यावरचं बटण दाबायचं, हेही घोकून घेतलं: आधी बंद, मग जोडणी. "खरा आला की सोमवारी पहिल्या तासाला सगळ्यांना हात लावू देईन," असा शब्द ते देऊन बसले होते.

शनिवारी उद्घाटन झालं. संस्थेचे अध्यक्ष भिकाजीराव यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. महाडच्या पाहुण्यांनी नारळ फोडला, नशिबाने जमिनीवर, आणि बटण दाबलं. पडदा उजळला, टाळ्या झाल्या. पण पाहुण्यांना तेवढ्यावर समाधान कुठलं? त्यांना आपलं नाव कागदावर छापून हवं होतं. प्रिंटर अजून खोक्यातच होता, कारण त्याच्यासाठी कुणी हार आणला नव्हता.

गुरुजींनी प्रिंटर मांडला आणि कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला.

"मास्तर, काय करता?" भिकाजीराव ओरडले.

"बंद करतोय, साहेब. चालू असताना वायर जोडली तर आतलं जळतं."

"नारळ फुटलाय नि बंद? पाव्हण्यांच्या हातानं चालू झालाय तो! लगीन लागल्यावर परत अंतरपाट धरतात काय? आनि रेडिओ चालू असतो तवा आपन तार जोडतो, त्याला काय होतं? काय नाय होत!"

पाहुणे हसले, मग सगळेच हसले. एवढ्या तोडीच्या विज्ञानापुढे बिचारं मुंबईचं प्रशिक्षण काय टिकणार! खरं म्हणजे गुरुजी घाबरले. नोकरी अध्यक्षांच्या हातात होती. एका वेळेला काही होत नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी चालू कॉम्प्युटरला प्रिंटरची वायर जोडली.

चट्! पडदा काळा झाला आणि उदबत्तीच्या वासात जळका वास मिसळला. शकुन मात्र शाबूत राहिला. कॉम्प्युटर कुणी बंद केला नाही, तो आपला आपणच बंद झाला.

"नजर लागली," भिकाजीरावांनी निदान केलं आणि लिंबू-मिरची आणायला माणूस पिटाळला. पाहुणे चहा घेऊन गेले.

सोमवारी आठवीची पोरं घंटेआधीच रांगेत उभी होती. मळका हात लावायचा नाही, असं गुरुजींनीच बजावलं होतं, म्हणून सगळी साबणाने हात धुऊन, नखं कापून आली होती. गुरुजींना त्या हातांकडे बघवेना. त्यांनी कपाटातून पुठ्ठे काढले.

"गुरुजी, खरा?" रांगेत पुढे उभ्या असलेल्या ठकूनं टेबलाकडे बोट केलं. खऱ्याच्या गळ्यात लिंबू-मिरची लटकत होती.

"तो दुरुस्तीला जायचाय, बाळ."

"कवा येल?"

गुरुजी पुठ्ठे मांडू लागले. ठकूनं पुठ्ठा पुढे ओढला आणि धुतलेल्या बोटांनी आपलं नाव टाइप केलं. मग सुतळी उचलली, थांबली, पुठ्ठ्यावरचं बटण नीट दाबलं.

"बंद केलाय, गुरुजी," ती म्हणाली. "आता जोडू?"