रिकाम्या केबिनला दाखवलेली मूठ

सुरतजवळच्या उधन्यातल्या एका रंगाईच्या मिलमध्ये बॉयलरचा अवजड ड्रम बसवायचा होता, आणि क्रेन सुकदेवच्या हातात होती. बारा वर्षं त्याने क्रेन चालवली ती केबिनमध्ये बसून. पण केबिनमधून ड्रमच्या चौथऱ्याचे मागचे बोल्ट दिसेनात, म्हणून ठेकेदार बन्सीलालशेठने सत्त्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात क्रेनला बिनतारी रिमोट बसवून घेतला. आता दिसेल तिथं उभं राहायचं आणि गळ्यातल्या डब्यावरची दांडी ढकलायची.

"भेळ इकाले निंघनात का दाजी?" वाल्मिकने गळ्यातला डबा बघून भेळवाल्याचा टोमणा मारला. वाल्मिक म्हणजे सुकदेवच्या बायकोचा, सुंदराचा, धाकटा भाऊ. खाली उभं राहून क्रेनला इशारे करायचं काम त्याचं.

"तू बोल्ट सांभाळ," सुकदेव म्हणाला. त्याने हुकाला हात जोडले, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि ड्रम उचलला.

दोघांचा नेम जुना होता. काम चालू असताना तोंड उघडायचं नाही. मिलच्या गोंगाटात ओरडलेलं ऐकू येतंय कुणाला? पंजा खाली हलला की उतरवायचं, मूठ वर गेली की थांबायचं. कीर्तनात बुवांचा हात वर जाताच टाळ जागच्या जागी थांबवणाऱ्या सुकदेवला हे शिकवावं लागलं नव्हतं.

मागचे बोल्ट बघायला तो ड्रमच्या पलीकडे गेला. आता वाल्मिकचे पाय आणि ड्रमच्या कडेला हलणारा पंजा एवढंच दिसत होतं. ड्रम वीतभर वर राहिला आणि ते पाय एकाएकी खिळले. पंजाही दिसेना.

"उतार ने भाई! शानी वार छे?" उशीर कशाचा म्हणून बन्सीलालशेठ कानाशी खेकसले.

सुकदेवने दांडी जराशी ढकलली. ड्रम चार बोटं खाली आला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. असं कसं? वाल्मिक इशारा चुकवणाऱ्यातला नव्हे.

तेवढ्यात त्याची नजर चुन्याच्या भिंतीवर गेली. भिंतीवर वाल्मिकची सावली होती. एक हात ड्रमखाली, दुसरा हात वर, मूठ घट्ट आवळलेली. आणि तोंड केबिनकडे!

सुकदेवने दांडी सोडली. ती आपोआप मधोमध आली, ड्रम थबकला. त्याने डब्याची चावी फिरवून काढून घेतली आणि तो धावत वळसा घालून गेला.

वाल्मिकने ड्रमखाली अडकलेली फळी ओढून हात नुकताच बाहेर काढला होता. उन्हाने चकाकणाऱ्या केबिनच्या काचेकडे जुन्या सवयीने बघत तो करवादला, "दाजी, झोप लागली का?"

"वाल्मिक, मी इकडे आहे रे."

वाल्मिक वळला. त्याने सुकदेवकडे पाहिलं, मग रिकाम्या केबिनकडे. "मंग मी मूठ कोणाला दाखवत होतो?"

सुकदेव पुढे झाला. त्याने मेहुण्याचा हात आपल्या हातात घेतला, पाची बोटं एकेक करून चाचपली.

"शेठ बोंबलतोय," वाल्मिक पुटपुटला. "चावी लावा."

"बोंबलू दे. आधी माझ्याकडे तोंड करून उभा राहा. मूठ दाखव."

वाल्मिकने मूठ वर केली. पण नजर पुन्हा केबिनकडे गेली. सुकदेव चावी हातात धरून उभा राहिला, ती नजर आपल्याकडे वळेपर्यंत.