मागच्या डाव्या दिव्याचा सूड

मी एक जुना दिवा आहे. एका जुन्या पिकअपच्या मागे, डाव्या कोपऱ्यात माझी जागा. मित्रांनो, तुम्ही थकलेल्या छत्रीची, फाटक्या पुस्तकाची कहाणी ऐकली असेल. त्या बिचाऱ्यांनी शेवटी सगळ्यांना माफ केलेलं असतं. मी कोणालाही माफ केलेलं नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तुमची निराशा नको.

पोटात बल्ब, पाठीला वायर आणि अंगावर लाल काच घालून मला आणि माझ्या जुळ्या भावाला गाड्यांच्या कारखान्यात या पिकअपवर बसवलं. तो उजवीकडे, मी डावीकडे. आम्हा दोघांचीही तोंडं मागे, त्यामुळे पुढचा रस्ता आम्ही जन्मात पाहिला नाही. मागे राहिलेलं तेवढंच आम्हाला दिसतं आणि ते आमच्या चांगलं लक्षात राहतं.

आमचे मालक लाकडी कपाटं बनवतात. ती गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचं काम ड्रायव्हरमामांचं. रोज सकाळी गाडी हलवण्याआधी मामा आत बसून हाक द्यायचे आणि मालकांची लहान मुलगी माझ्यासमोर उभी राहून ओरडायची.

"डावा?"

"लागला!"

"उजवा?"

"लागला!"

मग मामा खाली उतरून खांद्यावरच्या फडक्याने मला पुसायचे. "आपण थांबतोय हे मागच्याला कळलं पाहिजे," असं ते तिला सांगायचे. मुलगी मोठी होऊन सगळ्यांची ताई झाली, कपाटांच्या कारखान्याचं काम बघू लागली, तरी तिने ही हजेरी सोडली नाही. तेव्हा माझा रुबाब काही औरच होता.

मग ताईचं लग्न झालं आणि जावई कारखान्यात आला. "दिव्यांची रोज हजेरी कसली घ्यायची? शाळा आहे का ही?" असं म्हणत त्याने पहिल्याच महिन्यात ती बंद करून टाकली. नंतर त्याला गाडीचा रंग खुपायला लागला. एका सुट्टीच्या दिवशी त्याने कपाटांवर पॉलिश फवारायचं यंत्र आणलं, आम्हा भावांना काढून वायरीला लोंबकळत ठेवलं आणि गाडीचा मागचा हौदा आतून बाहेरून निळा करून टाकला. "एक टाचणीएवढी जागा सोडली नाही," हे तो येईल त्याला ऐकवत होता. मालक तर जावयाच्या कौतुकात न्हाऊन निघाले.

मित्रांनो, इथे थोडं नीट ऐका. दिव्यात वीज एका वायरीने येते आणि तिला परत जायलाही वाट लागते. माझी परतीची वाट म्हणजे एक काळी वायर. ती हौद्याच्या उघड्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. जावयाने तो पत्रा रंगवला आणि स्क्रू रंगावरच आवळला. गाडी रिकामी असली की स्क्रूची कड कशीबशी पत्र्याला टेकायची आणि मी लागायचो. कपाट चढवलं की हौदा दबायचा, कड सुटायची आणि मी विझायचो. माझ्या भावाचा स्क्रू आडबाजूला होता, म्हणून तो वाचला.

मामांनी पहिल्याच फेरीत हे पाहिलं. कपाट उतरवण्याआधी मागे येऊन आमच्यावर नजर टाकायची त्यांची सवय होती. परत आल्यावर ते म्हणाले, "डावा दिवा लागत नाही." जावयाने बटण दाबलं. गाडी रिकामी. मी लख्ख लागलो.

असं पुन्हा पुन्हा झालं. बल्ब बदलला, फ्यूज बघितला, वायरमनलाही बोलावलं. "दिवा ठणठणीत आहे," म्हणून तो निघून गेला. जावई मामांकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "मामा, डोळे तपासून घ्या." मग मालकांकडे वळला. "लागलेला दिवा ज्यांना दिसत नाही, त्यांच्या हातात गाडी द्यायची का आपण?"

मालक काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसणं मी आजही विसरलेलो नाही.

मामांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काचेपुढे तळहात धरला. तळहात लाल झाला. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. "आत्ता तर दिसतंय," ते स्वतःशीच पुटपुटले. "मग तेव्हा काय झालं?" इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. मी विझायचा आटोकाट प्रयत्न केला, पण रिकाम्या गाडीत ते माझ्या हातात नव्हतं. माझ्याच उजेडाने माझ्या माणसाविरुद्ध साक्ष दिली. मामा काम सोडून गेले आणि त्याच दिवशी मी ठरवलं, या जावयाला सुखाने गाडी चालवू द्यायची नाही.

आता तो स्वतः गाडी नेऊ लागला. माल भरला की मी डोळे मिटायचो. मागून हॉर्न वाजायचे, लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि मी मनसोक्त ऐकायचो. त्याने उतरून पाहिलं, एकदा नव्हे, अनेकदा. मी बंद आहे हे त्याला दिसलं. पण घरी सांगावं तर मामा खरे ठरतात, म्हणून त्याने तोंडाला कुलूप लावलं. गुपचूप नवे बल्ब आणून बसवत राहिला. मी ते सगळे पचवले. चुकीने रंगवलं ते मी एक वेळ सोडून दिलं असतं. हे गप्प राहणं सोडणार नव्हतो.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाची समजूत घालायला ताई त्याच्याबरोबर निघाली. मागे मोठं कपाट होतं. जावयाने ताडपत्री अशी बांधली होती की तिचं टोक माझ्या भावाच्या तोंडावर लोंबत होतं. चौकात त्याने ब्रेक मारला आणि मागचा टेम्पो हौद्याला घासत गेला. कोणाला लागलं नाही, पण निळ्या रंगाची सालटी निघाली. मला फार बरं वाटलं.

"ब्रेक मारलास तर दिवा कुठंय?" टेम्पोवाला उतरला तो भांडतच.

ताई मागे आली. "अहो, ब्रेक दाबा," ती म्हणाली. भावावरची ताडपत्री तिने उचलली, तो लागलेला होता. मग माझ्याकडे पाहिलं. "डावा बंद आहे. कधीपासून?"

"आजच गेला असेल," जावई म्हणाला.

"आजच कसला?" टेम्पोवाला म्हणाला. "गेल्या आठवड्यात याच चौकात ओरडलो होतो की तुमच्यावर."

मला हात असते तर मी त्याची पाठ थोपटली असती.

गिऱ्हाइकाच्या दारात कपाट उतरलं आणि मी लागलो. ताई थबकली. तिने हमालांना कपाट परत चढवायला लावलं. मी विझलो. पुन्हा उतरवायला लावलं. मी लागलो. हमाल कुरकुरले, पण ताईचा चेहरा बघून उचलत राहिले.

"मामांचे डोळे चांगले आहेत," ती हळूच म्हणाली.

तिने तिथूनच वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "वजनाने जातोय? मग काळी वायर बघा. ती उघड्या पत्र्याला टेकायला हवी. तिथे रंग तर नाही ना लागला?"

ताई नवऱ्याकडे वळली. "एक टाचणीएवढी जागा सोडली नाही, असंच म्हणाला होतात ना?"

कारखान्यात परत आल्यावर जावई हौद्याखाली आडवा झाला. सगळे कामगार जमल्यावर, काचकागद घेऊन, आपल्याच हाताने मारलेला रंग खरवडत राहिला. निळा भुगा त्याच्या भुवयांवर पडत होता. मालक स्वतः मामांच्या घरी गेले आणि हात जोडून उभे राहिले, असं ताईने नंतर माझ्यासमोर कोणाला तरी सांगितलं. मालकांचा हिशेब तिथे मिटला.

दुसऱ्या दिवशी मामा आले, खांद्यावर तेच फडकं. ताई सवयीने मागे उभी राहायला निघाली.

"तू नको," मामा म्हणाले. "त्यांना उभं कर."

तेव्हापासून रोज जावई माझ्यासमोर उभा राहतो. "डावा?" मामा आतून विचारतात. बटण दाबायला ते मुद्दामच जरा उशीर करतात, असा मला संशय आहे.

"लागला नाही," जावई म्हणतो.

"वाका जरा. नीट बघा."

मित्रांनो, आपल्या गाडीचे दिवे पुसत जा, तपासत जा. आणि दिवा बंद आहे असं कोणी सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांवर संशय घेण्याआधी माल भरून दिवा बघा. आम्ही बिचारे नाही. आम्ही वाट बघतो. माझ्यासमोर तो रोज वाकतो, अगदी कमरेतून, आणि तो पुरता वाकला की मगच मी लागतो.