जुडीतलं पान

रेजिस आला तो वृद्धाश्रमाचे कागद घेऊनच. "नुसती सही करायची, मामाँ," आईला म्हणाला आणि कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून दिले. हा माझा थोरला भाऊ. वर्षातून चार रविवार येतो आणि आईची काळजी फक्त आपल्यालाच आहे असं वागतो.

"ज्या दिवशी माझा दोब बिघडेल, त्या दिवशी करीन सही," आई म्हणाली. तिला चौऱ्याऐंशी पूर्ण झालीत.

"ठरलं तर मग!" रेजिस हसला आणि माझ्याकडे वळला. "मगाली, तू साक्षीदार."

मला हसू आलं नाही. आईची नजर किती गेलीय ते मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

दोब म्हणजे आईचा हातखंडा रस्सा; त्याचं गोमांस सकाळपासून लाल वाइनमध्ये शिजत होतं. थाइम, पार्सलीचे देठ आणि तमालपत्र यांची जुडी बांधून आम्ही भांड्यात सोडतो. दोऱ्याचं टोक भांड्याच्या कानाला अडकवतो, म्हणजे वाढण्याआधी जुडी ओढून काढता येते. स्वयंपाकघरात जाऊन मी ती ओढली. पान लांबट होतं, अरुंद. तमालपत्र नव्हतंच ते. कण्हेर होती, विषारी.

थंडीत आडोसा म्हणून कण्हेरीची कुंडी तमालपत्राच्या झाडाशेजारी मीच सरकवली होती. आई तिथं बघून तोडत नाही, दारातून हात लांबवते आणि घेते. साठ वर्षं तशीच घेत आलीय.

"वाढ की गं!" बाहेरून रेजिस ओरडला. "भुकेनं मारतेस का आम्हाला?"

मी जुडी सिंकमध्ये टाकली, भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि जमिनीवर आदळलं.

"वेंधळी ती वेंधळीच!" रेजिस धावत आला. "सकाळपासूनची मेहनत मातीत घातलीस!"

"हात सटकला," मी म्हटलं.

आईनं अंडी फोडली. पार्सली, चाइव्ह, टॅरॅगॉन हा वासाचा पाला सवयीनंच बारीक चिरला आणि ऑम्लेट उतरवता उतरवता वरून घातला. आधी घातला तर वास उडून जातो, हे मला तिनंच शिकवलंय. रेजिसनं पावानं ताट पुसून खाल्लं. "हिच्या हाताला अजून चव आहे बुवा," म्हणत त्यानं कागद घडी करून खिशात घातले. मला रडूच यायला लागलं. जिंकलो होतो आम्ही.

आई ताटं विसळायला उठली. सिंकमध्ये तिच्या हाताला जुडी लागली. त्यातलं पान तिनं देठापासून टोकापर्यंत चाचपलं, दोनदा. मग हात पुसून परत येऊन बसली.

"रेजिस, काढ ते कागद."

"मामाँ, राहू दे ना," मी म्हटलं.

"दोब बिघडला होता, पोरी." तिनं रेजिसपुढे हात केला. "सही कुठं करायची तिथं माझं बोट ठेव. मला दिसत नाही."