बर्फातला मुळा

येऊ नकोस असं पोटच्या पोरीनं फोनवर बजावल्यावरही मी निगाताहून तोक्योची बस धरली. यात माझं काय चुकलं, ते आईपण न केलेल्या कोणीतरी मला समजावून सांगावं.

नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणीची सून बाळंत झाली आहे. खरं बोलले असते तर त्यानं पुन्हा तेच वाक्य काढलं असतं. कोझुए गिटार पाठीला लावून घर सोडत होती, तेव्हा हा दारातला बर्फ ओढता ओढता म्हणाला होता, "तुझं ऐकायला कोण कुत्रं येणार आहे?" त्यानंतर ती घरी फिरकली नाही. फोन करायची, तोही बाबा घरात नसताना. या हिवाळ्यात तिचा आवाज इतका खोल गेला होता की फोन ठेवल्यावर मला घास उतरेना. येते तुला ऐकायला, म्हटलं तर म्हणाली, "नको आई. घरचं माणूस समोर दिसलं की माझा आवाजच फुटत नाही."

म्हणून मी ठरवलं की तिला दिसायचंच नाही. मागे कोपऱ्यात उभं राहायचं, पोरगी धड आहे एवढं डोळ्यांनी बघायचं आणि परतीची बस पकडायची.

तोक्योच्या कोएंजी भागातली, तिचा बँड वाजवायचा ती जागा एका खानावळीखालच्या तळघरात होती. जिना उतरून गेले तर टेबलामागे हिरव्या केसांची मुलगी बसलेली. माझ्यापुढे टोपीवाला एक पोरगा होता. "आज कोणाला ऐकायला आलात?" तिनं त्याला विचारलं. त्यानं कुठल्याशा बँडचं नाव सांगितलं. तेवढ्यात पडद्यामागून एका गिटारवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"आमचे किती झाले?"

"दोन. हा टोपीवाला आत्ताच आला."

दाराशी प्रत्येकाला हे विचारतात आणि कोणत्या बँडसाठी किती आले ते मोजतात, हे मला कुठून ठाऊक असणार? मी आमच्या कोझुएच्या बँडचं नाव घेतलं की ही आत कळवणार, तुमच्यासाठी एक पन्नाशीची बाई आली आहे, हातात लोणच्याची पिशवी आहे. की झालं, पोरीचा गळा बंद.

तिच्या बँडचं नाव 'बर्फातला मुळा'. आमच्याकडे मुळे हिवाळाभर बर्फाखाली पुरून ठेवतात, त्यानं ते गोड होतात. लहानपणी ते उकरून काढायचं काम तिचंच असायचं. घरावर रुसून गेली आणि नाव मात्र आमच्या परसातलं घेऊन गेली, अशी ही पोरगी.

"काकू, तुम्ही कोणासाठी?"

समोरच्या भिंतीवर आजच्या बँडांची यादी होती, तिच्यात जे पहिलं नाव दिसलं ते मी वाचून टाकलं. "लिफ्ट बंद आहे."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "फार बडवतात हं ते. कानात घालायला कापूस देऊ?"

"दे बाई," मी म्हटलं.

आत जेमतेम पंधरा-वीस डोकी होती. मी गार चहाचा पेला घेऊन खांबामागे उभी राहिले. लिफ्टवाल्यांनी खरंच फार बडवलं. मग माझी कोझुए आली. गालफडं बसलेली, केस स्वतःच कात्रीनं कापल्यासारखे. पण ती गायला लागली आणि मी कानातला कापूस काढून पिशवीत टाकला. हा आवाज माझ्या घरात वाढला आणि आम्ही त्याला भांडी घासताना गप्प बस म्हणायचो.

तीन गाणी झाल्यावर ती माइकशी वाकली. शांतपणे म्हणाली, "आज दाराशी आमचं नाव कोणीच घेतलं नाही. असं ज्या दिवशी होईल त्या दिवशी थांबायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं होतं. तुम्ही दुसऱ्यांसाठी आलात, तरी आमच्यासाठी थांबलात, त्याबद्दल आभार. हे शेवटचं गाणं."

मी तशीच बाहेर दाराशी धावले.

"मी खोटं सांगितलं," त्या हिरव्या केसांच्या मुलीचा हात धरून मी म्हटलं. "मी मुळ्यावाल्यांसाठी आले. माझी मुलगी आहे ती. आता लिही की."

तिचा चेहराच उतरला. "आता लिहून काय होणार काकू? स्टेजवर जायच्या आधीच आकडा सांगावा लागतो. त्यांच्या ड्रमवाल्यानं लगेच मामाला फोन केला, गॅरेजात कामाला येतो म्हणून. उद्या निघतोय तो."

"पण आईनं नाव घेतलं असतं तर धरलं असतं का?"

"धरतात की. माणूस ते माणूस. इथले निम्मे बँड आयांच्याच जिवावर चाललेत."

मी परत आत गेले. लपण्यात आता काय राहिलं होतं? लोकांना बाजूला सारत थेट पुढे जाऊन उभी राहिले, तिनं बघावं म्हणून. तिनं बघितलं. गाणं अर्ध्यावर होतं. तिचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज आला नाही. बाकीचे दोघं वाजवत राहिले, तीही नुसती गिटार वाजवत राहिली, आणि तिचं शेवटचं गाणं तसंच शब्दांवाचून संपलं. तेही माझ्यामुळेच.

सामान बांधून ती दाराशी आली तेव्हा मी तिथल्याच स्टुलावर बसले होते. हिरव्या केसांची पोरगी टेबल पुसत होती.

"कशाला आलीस गं?" कोझुए म्हणाली. रागावून नाही. मग तिनं विचारलं, "दाराशी कोणाचं नाव सांगितलंस?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "लिफ्ट बंद आहे," मी म्हटलं. "मला वाटलं, तुला कळेल मी आलेय ते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचा खालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसा थरथरला. मग तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि माझा कोट नीट करायला लागली.

"असू दे आई. तू आमचं नाव घेतलं असतंस तरी काही झालं नसतं," ती बटणं लावत म्हणाली. "घरच्यांना धरतच नाहीत इथे."

टेबल पुसणारा हात थांबला. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो का?" मी म्हटलं. "मला काय कळतंय त्यातलं."