बोटींवरून आलेल्या कवितांचं साल

मी एक जुनी ट्रेडल आहे, मित्रांनो. पायाने चालवायचं छपाईचं यंत्र. 'जुनी' हा शब्द मी माझ्या तोंडाने वापरला तोवर ठीक. दुसऱ्या कुणी वापरला तर मला सोसत नाही. रत्नागिरीहून जयगडला जाणाऱ्या रस्त्यावर चिऱ्याची एक खोली आहे, तिथे माझं बिऱ्हाड. एका अंगाला मोठं चाक, खाली पाय मारायची पट्टी, वर शाईची गोल थाळी, आणि पुढे माझं लोखंडी तोंड. ते उघडलं की कागद ठेवायचा, मिटून पुन्हा उघडलं की छापलेला काढून घ्यायचा. उभा जन्म तोंड उघडण्यात आणि मिटण्यात गेलेली बाई फटकळ नसेल तर काय होईल?

शिक्षणाचं विचाराल तर मला वाचता येत नाही. अक्षरं माझ्या वाट्याला येतात ती उलटी, आणि सुलटी होतात तेव्हा कागदाबरोबर निघूनही जातात. पण माझ्यासमोर उभं राहून माणसं जे बोलतात ते मी ऐकते. शहाणपण त्यातून आलं. फुकटचं नाही, कान देऊन मिळवलेलं.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेतला. म्हणजे मीही परमुलखातून आलेली सूनच. आंबा घाट उतरताना ट्रकमध्ये गोणपाटात गुंडाळलेली होते, आणि खालची ओली हवा अंगाला लागली तेव्हाच समजले की इथे आपल्याला गंजाशी भांडत जगायचं आहे. प्रेसच्या मालकांनी माझ्यापुढे नारळ फोडला, माझ्या चाकाला हळदकुंकू लावलं आणि मला 'थोरली' म्हटलं. तेव्हापासून मी थोरली.

मित्रांनो, मी काय नाही छापलं? आंब्याच्या पेट्यांवरचे कागद छापले. लग्नाच्या पत्रिका छापल्या, त्या पत्रिकांतल्या जोडप्यांची नातवंडं आता माझ्याकडे बोट दाखवून "हे काय?" विचारतात. नमनाच्या आणि जाखडीच्या नाचांची पत्रकं छापली. दसऱ्याला झेंडूची माळ माझ्याच गळ्यात पडायची. मग शहरात नवी यंत्रं आली. ती भराभर छापतात, रंगीत छापतात, आणि एक अक्षर बोलत नाहीत. माझ्याकडे उरलं पावतीपुस्तकांवर नंबर पाडणं आणि फाडायला सोपं जावं म्हणून भोकांची ओळ मारणं. ज्या तोंडाने गावाची लग्नं लावली त्या तोंडाने आता भोकं पाडायची. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, कपाटात पडून राहिले. त्यांच्या खणांत पाली संसार करू लागल्या.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर साल त्यानंतर आलं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

प्रेस आता त्या मालकांची सून मालन चालवते. तिचा मुलगा दर्शन जयगडच्या बंदरात लाँचवर कामाला. परदेशी बोटी येतात, त्यांना भाजी, पाणी, औषधं पोचवायची. एका दिवाळीनंतर एका बोटीवरच्या तामाझ नावाच्या आचाऱ्याशी त्याची ओळख झाली. हा जॉर्जिया नावाच्या देशाचा. दर्शनने आपल्या डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी त्याला दिली. डबा परत आला तो रिकामा नाही. त्यात चीज भरलेली पोळी होती, आणि घरच्या पार्सलाला गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्राची एक घडी. त्यात त्याच्या गावच्या शाळेतल्या बाईंची कविता छापून आली होती.

"आई, तो म्हणाला, ही ह्याच सालची कविता," दर्शन सांगत होता. "मी लाँचवर आपल्या प्रेसातल्या रावजीकाकांचं गाणं गुणगुणत होतो ना, ते ऐकलंन त्याने. म्हणतो, आमचं घे. बोट पुढल्या सालात परत येईल, तेव्हा तुमचं दे."

"लिहिलंय काय त्या बाईने?"

"त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलंन ते असं. एक म्हातारी अंगणात अक्रोड वाळत घालते. लांब गेलेल्या एकेका पोराचं नाव एकेका अक्रोडाला देते. मग तिला एकही फोडवत नाही."

मालनने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आपल्याकडे मुंबईकरांच्या नावाने फणस राखतात, तसंच की हे."

आणि तिने ती कविता छापायची ठरवली. एका पानावर मूळ अक्षरं, समोर मराठीत अर्थ. मूळ अक्षरांचे खिळे आमच्याकडे कुठले असणार? फोटो काढून कोल्हापूरहून ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करून आणला. तो माझ्या अंगाला लागला आणि मी चाटच पडले. करंजीच्या कडेला मुरड घालावी तशी अक्षरं. मी म्हटलं, बाई गं, एवढी लोखंडाची होऊन मला जगाची इतकीच ओळख?

मग ती गोडीच लागली. येणाऱ्या प्रत्येक बोटीवर दर्शन एकच गोष्ट विचारायचा, "तुमच्या भाषेत ह्या साली कुठली कविता आली?" खलाशी आधी हसायचे, मग विचारात पडायचे, आणि मग घरी फोन लावायचे. फिलिपिन्सच्या एकाने दिलेली कविता पुस्तकातली होती. मुलगा बोटीवरून विचारतो, आई जेवलीस का, आई विचारते तू जेवलास का, आणि दोघंही खोटं बोलतात. चितगावच्या एकाने मासिकातली दिली. नदीने घर नेलं, पण पोस्टमन अजून त्या पत्त्यावर येऊन पाण्याकडे बघत उभा राहतो. तुर्कस्तानच्या एकाने फोनच्या काचेवर दाखवली. तिथे म्हणे कागदावर यायच्या आधीच कविता काचेवर येते. दाब नाही, शाई नाही, मग ती चिकटते कशाने? ह्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर येऊन सांगा.

म्यानमारच्या कवितेची तर फजितीच झाली. अक्षरं गोल गोल, मण्यांसारखी. वर कुठलं आणि खाली कुठलं हे ना मालनला कळलं ना रावजीला. ठोकून दिला ब्लॉक आणि काढल्या प्रती. दर्शनने एक पान नेऊन दाखवलं. त्या खलाशाने ते हातात घेतलं, हळूच फिरवून सुलटं धरलं, आणि मग वाचायला लागला. हसला नाही. दर्शन मात्र आठवडाभर हसत होता. ती पानं आम्ही तशीच ठेवली. वाचणाऱ्याने फिरवून घ्यावं.

मी मनाशी एक गोष्ट बांधली, मित्रांनो. देश कुठलाही असो, कवितेला शाई थोडी लागते आणि कोरी जागा फार. छापताना कोऱ्या जागेतही न उमटणारं शिसं भरावं लागतं, तेही वजनदार असतं. हे बडबड्या माणसांनी ध्यानात ठेवावं. मीही ठेवते, जमेल तेवढं.

असं साल सरत आलं. पानं शिवून तामाझला द्यायचं पुस्तक करायची वेळ झाली, तर आमच्या मुलखाचं पान कोरंच.

आता रावजीबद्दल सांगायला हवं. माझ्यापुढे उभा राहून कागद लावतो तो रावजी. मीच त्याला चालवते असं म्हटलं तरी चालेल. तो तुरेवाल्यांचा शाहीर. आमच्याकडे जाखडीच्या नाचात दोन फड समोरासमोर येतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाण्यातच जबाब द्यायचा. म्हणून नवा सवाल जत्रेआधी कुणाला कळू द्यायचा नाही ही शाहिरांची रीत. दार लावून तालीम करतात. कागदावरसुद्धा उतरवत नाहीत, मग छापायचं कुठलं? त्यात शक्तीवाल्यांच्या गंगारामने गेल्या दोन जत्रांत रावजीचे सवाल हातोहात फोडले होते. रावजीच्या मागे नाचणारी पोरं कुजबुजू लागली होती. ह्या खेपेला हरला असता तर त्याचा फडच मोडला असता.

"रावजीभाऊ, तुमचं गाणं द्या," मालन म्हणाली.

"जुनं कुठलंबी घ्या, वयनी. ढीगभर हायत."

"जुनं नाय चालायचं. सगळ्यांनी ह्या सालचं दिलंनी."

"ह्या सालचं जत्रेत ऐका. आधी छापलं म्हंजे गंगारामच्या ताटात वाढलं."

"आणि तामाझचा डबा? तो रिकामा धाडू?"

"लाडू घाला त्यात."

"लाडू खाऊन संपतात. त्याने दिलेले अक्रोड संपले काय?"

रावजी नुसता माझ्या पट्टीवर पाय मारत राहिला, तोंडात कागद नसताना. असा चाळा मला मुळीच खपत नाही, पण त्या दिवशी मी तो खपवून घेतला.

तामाझची बोट आली ती त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. दर्शनचा फोन आला तेव्हा रावजी माझ्या सांध्यांत तेल घालत होता. तेलाचं डबडं त्याने खाली ठेवलं. हात पुसले. खिळ्यांचं कपाट उघडलं आणि मनातलं गाणं थेट शिशात जुळवायला बसला. एकेक अक्षर लावताना तोंडाने पुटपुटत होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं:

"पाणी एक अन् किनारे अनेक, कोण कुणाचा पाहुणा?
भरती येते कुणाच्या दारी, ओहोटी जाते कुणाच्या घरी,
सांग शाहिरा, सांग ना."

"भाऊ, नीट विचार केलात ना?" मालनने विचारलं.

"तो मानूस समिंदर फिरून आला वयनी, आनि मी दार लावून बसू?"

त्या दिवशी मी एकही प्रत डागाळू दिली नाही. गंजलेले सांधे, झिजलेले रूळ, सगळी दुखणी बाजूला ठेवली. ओली पानं दोरीवर टांगली गेली.

आणि नेमका गंगाराम दारात. जत्रेच्या वर्गणीची पावतीपुस्तकं न्यायला आला होता, काखेत छत्री. आत पाऊल टाकलं तर डोक्यावर पानांची ओळ, आणि वर मोठ्या अक्षरांत रावजीचं नाव. मालनचा हात तोंडाशी गेला. रावजी जागचा हलला नाही.

"ह्या सालचं?" गंगारामने विचारलं.

"व्हय, बुवा. उद्याचा सवाल. समोरच हाय."

गंगारामने काखेतली छत्री काढली. घरात, छपराखाली, ती उघडली, पार डोळ्यांपर्यंत खाली ओढली, आणि तसाच चाचपडत मालनपर्यंत गेला.

"वयनी, पावत्या हातात द्या. मला काय दिसत नाय."

"अहो, ठेच लागेल."

"लागू दे. बुवा, जबाब ऐकून देईन. वाचून दिलेला जबाब म्हंजे शिळा भात. तो मी जत्रेत वाढत नाय."

छत्रीची काडी दारात अडकली, तो तिरका झाला, आणि छत्रीसकट रस्त्याला लागला. घरात छत्री उघडू नये म्हणतात. मी म्हणते, अशा कामाला खुशाल उघडावी.

त्याच संध्याकाळी मालनने पानं दोऱ्याने शिवली आणि पुस्तक डब्यात ठेवलं, वर लाडू. सकाळी दर्शन लाँच घेऊन गेला. परत आल्यावर माझ्या शेजारी बसून त्याने आईला सांगितलं ते मी ऐकलं. तामाझने आधी आपलं पान काढलं, त्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, तुमचं कुठलं? दर्शनने दाखवलं. तामाझने ते पान डोळ्यांशी नेलं आणि मोठ्या आदराने बघत राहिला. पुस्तक त्याने उलटं धरलं होतं.

"मग तू काय केलंस?" मालनने विचारलं.

"काय करणार? हळूच फिरवून दिलं. हसलो नाय."

जत्रेत कोण जिंकलं म्हणाल, तर रावजी म्हणतो गंगारामला सुचायला पहाट झाली, आणि गंगाराम म्हणतो त्याने मुद्दाम पहाट होऊ दिली. एवढं खरं की रावजीची पोरं त्याच्याकडेच आहेत. आणि चार दिवसांनी गंगाराम स्वतःहून आला, ह्या वेळी छत्री मिटलेली. "माझा जबाब पन छापा," म्हणाला. "हाक घाली तो पाहुणा, बुवा, ओ देई तो घरधनी." पुस्तक तर बोटीवर गेलेलं. म्हणून ते पुढच्या सालचं पहिलं पान झालं. रावजीनेच खिळे जुळवले, आणि एकही अक्षर चुकवलं नाही.

तर मित्रांनो, थोरलीचं एवढं ऐका. तुमच्या गावात कुठे माझ्यासारखी एखादी कोपऱ्यात उभी असेल तर तिच्या सांध्यांत दोन थेंब तेल घाला, तिचे खिळे भंगारात घालू नका. परमुलखातलं माणूस भेटलं तर पगार किती, घर केवढं, हे मागाहून विचारा. आधी विचारा, तुमच्याकडे ह्या साली कुठलं गाणं आलं? आणि त्याने सांगितलं तर त्याचा डबा रिकामा परत देऊ नका. द्यायला काही नाही असं होत नाही. शोधावं लागतं, कधी मनाविरुद्ध काढून द्यावं लागतं.

मी इथेच आहे. पुढची बोट बंदराबाहेर थांबली आहे, दर्शन निघाला आहे, आणि माझं तोंड उघडं आहे.